मुलाला ठरवू देणाऱ्या ताराबाई

अंगणवाडी हा शब्द आपल्या हर्सूलमध्ये कोणत्या घरी ठाऊक नाही? परंतु त्या शब्दाशी जिचे नाव कायमचे जोडले गेले, त्या कै. ताराबाई मोडक यांची ओळख आपल्यापैकी थोड्याच भगिनींना असेल.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजाचे. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. विवाहानंतर अमरावतीस मांडलेला संसार पुढे मोडला, तेव्हा लहानग्या मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या व स्त्री-अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. नोकरी मानाची होती. पण भावनगरला गिजुभाई बधेका बालशिक्षणाचा प्रयोग करीत होते. त्या ओढीने १९२३ च्या सुमारास ताराबाईंनी ती सोडली. कुणी काही म्हणो, निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

भावनगरची रीत मादाम मॉन्टेसरींच्या विचारांवर उभी होती. मूल आपल्या हाताने साधन निवडते, आपल्या जागी बसते. लहानमोठे लाकडी दट्टे पेटीतील भोकांत बसवताना चूक झाली, तर शेवटी एक दट्टा उरतो. बाईंनी बोलायचे कारणच नाही; मूल स्वतः पाहते, काढते, पुन्हा लावते. चुकण्याची मोकळीक मिळाली, तरच ठरवण्याची सवय लागते, हे ताराबाईंनी ओळखले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले.

पुढे १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डीस गेल्या. तेथे महागडी साधने कोठून आणणार? शंख, शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी! पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह काम वाढले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षकच कुरणात गेले, ती कुरणशाळा. चारा कुठे, पाणी कुठे, परतायचे केव्हा, हे जे मूल रोज स्वतः ठरवते, त्याला अडाणी कसे म्हणावे?

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी, १९७५ साली, सरकारच्या बालविकास योजनेतून अंगणवाडी देशभर पोहोचू लागली.

आपण मात्र आठ-दहा वर्षांच्या मुलाचे दप्तर स्वतः भरतो, आधी कोणता अभ्यास करायचा तेही आपणच सांगतो, आणि पुढे त्याला काही सुचत नाही म्हणून रागावतो. एखादे दिवशी वही घरी राहील, राहू द्यावी. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याच लक्षात राहील. ताराबाईंचे खरे स्मरण आपल्या अंगणात असेच व्हावे.