पहिले सिझेरियन, आता नॉर्मल? होकार देणारा डॉक्टर शोधण्याआधी डॉ. मन्रो केर यांची गोष्ट वाचा

तुमचे पहिले बाळ सिझेरियनने झाले आहे आणि या वेळी नॉर्मल डिलिव्हरी व्हावी अशी तुमची इच्छा आहे. दोन-तीन दवाखाने फिरून झाले. एका ठिकाणी फाइल न उघडताच नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी बघू म्हणाले आणि नवव्या महिन्यात सरळ सिझेरियनची तारीख दिली. मग शेजारची कोणीतरी सांगते की अमुक डॉक्टर करतात नॉर्मल, त्यांच्याकडे जा. बीड जिल्ह्यातल्या बायकांचा हा नेहमीचा प्रवास आहे.

डॉक्टरांचा होकार किंवा नकार बऱ्याच अंशी एका गोष्टीवर ठरतो. पहिल्या वेळी गर्भाशयावर, म्हणजे तुम्ही जिला पिशवी म्हणता तिच्यावर, छेद नेमका कुठे घेतला होता? पोटावर दिसतो तो व्रण वेगळा आणि आत पिशवीवरचा छेद वेगळा. आतला छेद आज जिथे घेतात तिथे तो रूढ करण्याचे श्रेय स्कॉटलंडच्या डॉ. जॉन मार्टिन मन्रो केर यांना जाते. त्यांच्या आयुष्यात काय घडले ते वाचलेत, तर डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे ते तुम्हाला कळेल.

मुडदुसाचे शहर

मन्रो केर यांचा जन्म १८६८ साली ग्लासगो शहरात झाला. गिरण्या, कारखाने आणि जहाजबांधणीचे हे शहर. कामगार वस्त्यांत धुराने ऊन अडवलेले, घरे अंधारी, खाणे निकृष्ट. त्यामुळे मुलांमध्ये मुडदूस फार. मुडदूस झालेल्या मुलीची हाडे मऊ राहतात आणि कमरेचा हाडांचा सांगाडा दबून वेडावाकडा होतो. ती मोठी होऊन गरोदर राहिली की बाळाच्या डोक्याला बाहेर यायला वाटच उरत नाही. अडलेल्या बाईपुढे तेव्हा जे पर्याय असत ते वाचतानाही अंगावर काटा येतो. एक तर बाळाचे डोके फोडून ते बाहेर काढायचे, नाहीतर पोट फाडून सिझेरियन करायचे, ज्यात बहुतेक वेळा आई दगावे.

१८७६ मध्ये इटलीतल्या पोरो या डॉक्टरांनी सिझेरियनसोबत पिशवीच काढून टाकण्याची पद्धत आणली. रक्तस्राव थांबे, बाई वाचण्याची शक्यता वाढे, पण पुढे मूल नाही. (पिशवी काढणे हे शब्द बीडमध्ये सहज उच्चारता येत नाहीत. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे उघड झाले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.) पुढे १८८२ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स सेंगर यांनी पिशवी न काढता ती नीट टाके घालून शिवावी असे मांडले. आज नवल वाटेल, पण तोवर अनेक सर्जन पोट शिवत आणि पिशवी तशीच सोडून देत.

१८८८ साली ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयात डॉ. मर्डॉक कॅमेरॉन यांनी मुडदुसामुळे खुज्या राहिलेल्या स्त्रियांची सिझेरियन केली आणि त्या वाचल्या. मन्रो केर तेव्हा त्याच शहरात वैद्यकाचे विद्यार्थी होते. १८९० मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे ग्लासगोच्या त्याच प्रसूती रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे काम केले.

सिझेरियन टाळता येईल का, हे ते आधी पाहत

नॉर्मलची इच्छा असलेल्या प्रत्येकीने मन्रो केर यांची ही बाजू लक्षात ठेवावी असे मला वाटते. सिझेरियन सुरक्षित करणारा हा माणूस, ते खरेच लागणार आहे का, हे आधी तपासणारा होता. बाळाचे डोके आईच्या कमरेच्या हाडातून उतरेल की नाही हे हातांनी तपासण्याची एक पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. एका हाताने पोटावरून डोके खाली दाबायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी आतून व अंगठ्याने समोरच्या हाडावरून अंदाज घ्यायचा. सोनोग्राफी नव्हती तेव्हाची ही तपासणी आजही एमबीबीएसच्या पाठ्यपुस्तकांत आहे.

१९०८ मध्ये त्यांचे प्रसूतीच्या शस्त्रक्रियांवरचे मोठे पुस्तक आले. त्याच्या सुधारित आवृत्त्या त्यांच्या मृत्यूनंतरही त्यांच्याच नावाने निघत राहिल्या.

छेद खाली आला

तेव्हाच्या सिझेरियनमध्ये पिशवीच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेत. कळांच्या वेळी हाच भाग जोराने आवळतो आणि बाळंतपणानंतरही आकसत राहतो. अशा भागावरचे टाके ताणले जातात, सैल पडतात आणि जखम नीट भरत नाही. पुढच्या वेळी कळा सुरू झाल्या की ती जुनी शिवण उसवण्याची भीती मोठी. बाळ आणि आई दोघांच्या जिवावर बेतते.

या भीतीतूनच १९१६ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रॅगिन यांनी, एकदा सिझेरियन झाले की पुढे कायम सिझेरियन, अशा अर्थाचे मत मांडले. ते जगभर पसरले आणि आजही अनेक दवाखान्यांत नियमासारखे चालते. गंमत म्हणजे क्रॅगिन यांचा भर पहिले सिझेरियन विनाकारण करू नका यावर होता. सिझेरियननंतर नॉर्मल बाळंतपणे झालेल्या आपल्या एका पेशंटचा उल्लेखही त्यांनी त्याच लेखात केला आहे. लोकांनी वाक्य उचलले आणि लेख सोडून दिला. शिवाय ते वाक्य लिहिले गेले तेव्हा छेद वरचा होता.

मन्रो केर यांनी छेद पिशवीच्या खालच्या, पातळ भागावर आडवा घ्यायला सुरुवात केली. खाली छेद घेण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. जर्मनीतल्या केहरर यांनी १८८१ मध्ये ती करून पाहिली होती, पण कोणी फारसे लक्ष दिले नाही. मन्रो केर यांनी १९११ च्या सुमारास ती हाती घेतली, १९२१ मध्ये तिच्यावर लिहिले आणि १९२६ मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात पुन्हा सविस्तर बाजू मांडली. त्यांचे म्हणणे साधे होते. हा भाग पातळ आहे म्हणून रक्त कमी जाते. बाळंतपणानंतर तो वरच्या भागासारखा आवळत नाही, म्हणून जखम शांतपणे भरते. मूत्राशयाजवळचा पातळ पडदा वरून पांघरता येतो, त्यामुळे जंतुसंसर्ग पोटात पसरण्याची शक्यता घटते. आणि व्रण मजबूत झाल्यामुळे पुढच्या कळांत तो उसवण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

सहकाऱ्यांनी लगेच मानले नाही. हाताला वरच्या छेदाची सवय होती, आणि तो लवकर घेता येतो. पंधरा-वीस वर्षे नव्हे, त्याहून जास्त काळ हे चालले. रक्त देण्याची सोय, चांगली भूल आणि प्रतिजैविके आल्यावर खालचा आडवा छेद सगळीकडे रूढ झाला. दरम्यान १९३३ मध्ये मन्रो केर यांनी बाळंतपणात होणारे मातांचे मृत्यू आणि आजारपण यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९३४ मध्ये ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले आणि १९६० मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, वारले. आपली पद्धत जगाने स्वीकारलेली त्यांना पाहता आली.

मग तुमच्या फाइलमध्ये काय शोधायचे?

तुमचे सिझेरियन गेल्या काही वर्षांत झाले असेल तर आतला छेद बहुधा खालचा आडवाच असेल. पण बहुधा या शब्दावर कोणताही जबाबदार डॉक्टर कळा सुरू होऊ देणार नाही. पोटावरची खूण आडवी आहे म्हणून आतलीही आडवी असे धरता येत नाही. बाळ फार कमी दिवसांचे असेल, आडवे असेल किंवा वार विचित्र जागी असेल तर कधीकधी आत उभा छेद घ्यावा लागतो. म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेची नोंद हवी. त्यात छेद कोणता, सिझेरियन कशामुळे झाले आणि टाके घालताना काही अडचण आली का, एवढे कळते. कागद हरवला असेल तर जिथे ऑपरेशन झाले तिथे जाऊन नोंदीची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे. हे काम तिसऱ्या-चौथ्या महिन्यात करा, नवव्यात नको.

खालचा आडवा एकच छेद असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या साधारण चारपैकी तिघींची डिलिव्हरी नॉर्मल होते. आधी एकदा नॉर्मल झालेली असेल तर हे प्रमाण शंभरात ८५ ते ९० पर्यंत जाते. आपोआप कळा आल्या तर व्रण उसवण्याचा धोका हजारात साधारण ५ जणींना. वरचा उभा छेद असेल तर तोच धोका शंभरात ४ ते ९, आणि तिथे नॉर्मलचा हट्ट धरू नये. पिशवी आधी फाटली असेल किंवा वार पिशवीच्या तोंडावर असेल तरीही नाही. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर धोका वाढतो. दुसरीकडे, प्रत्येक नव्या सिझेरियनबरोबर पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. तुम्हाला आणखी मूल हवे असेल तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

हजारात ५ ही संख्या लहान आहे, पण ज्या घरी ती वेळ येते तिथे हातात मिनिटे असतात. ऑपरेशन थिएटर उघडे, भूलतज्ज्ञ हजर आणि रक्त उपलब्ध असावे लागते. बीड जिल्ह्यातल्या अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो. रात्री दोन वाजता तो येईल की नाही याची खात्री नसलेला डॉक्टर तुम्हाला नाही म्हणाला आणि मोठ्या रुग्णालयाचे नाव सांगितले, तर तो तुमच्या विरोधात आहे असे समजू नका. उलट फाइल न पाहता, सोयींचे न बोलता लगेच हो म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. रात्री भूल कोण देते, रक्त कुठून येते, कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके किती वेळाने पाहता, कोणत्या वेळी सिझेरियनचा निर्णय घेता, हे विचारा. शांतपणे उत्तर देणारा डॉक्टर मिळाला की तोच तुमचा डॉक्टर. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय इथे एकदा तरी दाखवून घ्या. सरकारी रुग्णालयात नॉर्मल आणि सिझेरियन दोन्ही मोफत आहेत. आष्टीकडच्या बायकांना नगर जवळ पडते, तर तिकडे चौकशी करा.

ऊसतोडीला जाणार असाल तर हे घरात आणि मुकादमाशी आधीच बोला. उचल घेतलेली असते, कोयता मोडत नाही, हे माहीत आहे. पण शेवटचे दोन महिने फडावर, ओळखीच्या डॉक्टरापासून दोनशे किलोमीटर दूर काढणे आणि नॉर्मलचा प्रयत्न करणे या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. जावेच लागले तर जुन्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, नवऱ्याच्याही मोबाइलमध्ये ठेवा, आणि कारखान्याजवळचे थिएटर असलेले रुग्णालय पहिल्याच आठवड्यात शोधून तिथे नाव नोंदवा. कोपीवर कोणाकडूनही कळा वाढवायचे इंजेक्शन किंवा गोळी घेऊ नका. जुन्या व्रणावर ते जीवघेणे ठरू शकते.

कळा सुरू झाल्या की घरी वाट पाहत बसायचे नाही, लगेच निघायचे. १०८ ला फोन करताना आधी सिझेरियन झाले आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. दोन कळांच्या मध्येही पोट दुखायचे थांबत नसेल, जुन्या टाक्यांच्या जागी हात लावू देववत नसेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा जोरात येणाऱ्या कळा अचानक बंद पडल्या असतील, तर हेही सांगा.