ईसीजी शोधणारे डॉक्टर विलेम आइंटहोव्हेन

मागच्या वर्षी ज्वारीची काढणी चालू होती तेव्हा आमच्या आबांच्या छातीत कळ आली. डावा हात भरून आला आणि दरदरून घाम सुटला. आजीला वाटले पित्त झाले असेल. तिने ओवा दिला. पण अण्णांनी ऐकले नाही. त्यांनी आबांना जीपमध्ये घालून लगेच तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टरांनी हातापायांना चार आणि छातीवर सहा वायरी लावल्या. मशिनमधून बारीक चौकटींचा कागद बाहेर आला. त्यावर डोंगरासारख्या रेघा होत्या. त्या रेघा बघून डॉक्टरांनी ओळखले की आबांच्या हृदयाची रक्तवाहिनी तुंबली आहे. मग पुढे जिल्ह्याला पाठवले आणि आबा वाचले.

तो कागद आमच्या घरी फाईलीत आहे. त्याला ईसीजी म्हणतात. हे मशिन कोणी शोधले ते मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी जे सांगितले ते मी लिहीत आहे.

विलेम आइंटहोव्हेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावर सेमारंग या गावी झाला. तेव्हा तिथे डच लोकांचे राज्य होते. आता तो देश इंडोनेशिया आहे. त्यांचे वडील डॉक्टर होते. विलेम लहान असतानाच वडील वारले. आईला सहा मुले होती. १८७० साली ती सगळ्या मुलांना घेऊन हॉलंड देशात उट्रेख्त या शहरी राहायला गेली. तिथे विलेम शिकले आणि डॉक्टर झाले.

त्यांना खेळाची फार आवड होती. एकदा खेळताना पडून त्यांचे मनगट मोडले. आपण असतो तर नुसते रडलो असतो. पण त्यांनी घरी बसल्या बसल्या कोपर आणि खांदा कसा फिरतो याचाच अभ्यास केला. पुढे १८८६ साली ते लायडन गावच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेव्हा त्यांचे वय फक्त २५ वर्षे होते.

आपले हृदय आपल्या मुठीएवढे असते. ते दर ठोक्याला थोडीशी वीज तयार करते. ही वीज इतकी कमी असते की आपल्याला कळतसुद्धा नाही. लंडनचे ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली ती वीज पहिल्यांदा नोंदवली. वॉलर यांच्याकडे जिमी नावाचा कुत्रा होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून ते लोकांना प्रयोग दाखवीत. पण त्यांच्या यंत्रात पारा होता. तो सावकाश हलायचा, म्हणून रेघ बरोबर येत नसे.

आइंटहोव्हेन यांनी नवीन यंत्र करायचे ठरवले. त्यांनी क्वार्ट्झ नावाचा दगड वितळवून त्याचा केसापेक्षा बारीक धागा केला. त्याला चांदीचा मुलामा दिला आणि तो मोठ्या विद्युतचुंबकाच्या मध्ये ताणून बसवला. हृदयाची वीज धाग्यातून गेली की धागा हलायचा. त्याची सावली मोठी करून तिचा फोटो काढायचे. अशी रेघ तयार झाली. ही गोष्ट १९०१ ते १९०३ या काळातली आहे. रेघेवरच्या चढउतारांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे दिली. ती नावे आजही चालतात.

ते यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते. म्हणजे ज्वारीची जवळजवळ पावणेतीन क्विंटल! त्याला दोन खोल्या लागायच्या आणि चालवायला पाच माणसे. रोग्याला दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. एवढे मोठे यंत्र दवाखान्यात नेता येईना. मग १९०५ साली त्यांनी दीड किलोमीटर लांबच्या दवाखान्यातून टेलिफोनच्या तारेने हृदयाची वीज आपल्या प्रयोगशाळेत आणली. रोगी तिकडे आणि रेघ इकडे!

१९२० साली अमेरिकेतील डॉक्टर हॅरल्ड पार्डी यांनी दाखवले की हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की ईसीजीची रेघ बदलते. आबांच्या डॉक्टरांनी हेच ओळखले होते. १९२४ साली आइंटहोव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २९ सप्टेंबर १९२७ रोजी ते लायडन येथे वारले.

हृदय सगळ्या शरीराला रक्त देते, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते देणाऱ्या रक्तवाहिन्यांत आतून चरबी साठते. आपल्या पाटाच्या पाइपात गाळ बसतो तसे. त्यात रक्ताची गुठळी अडकली की झटका येतो. कधी कधी पहिला ईसीजी चांगला येतो, म्हणून डॉक्टर तो परत काढतात आणि रक्तही तपासतात. रक्तवाहिनी कुठे तुंबली ते बघायला औषध सोडून एक्स-रेने चित्र काढतात. त्याला अँजिओग्राफी म्हणतात.

पालकांना माझी विनंती आहे. छातीत दुखले, घाम आला, तर ओवा खाऊन घरी बसू नका. लगेच दवाखान्यात जा. उशीर झाला की हृदयाचा तेवढा भाग मरतो.

आबांनी आता तंबाखू सोडली आहे. ते गोळ्या वेळेवर घेतात. आज पालक मेळाव्याला ते येणार आहेत. त्यांना वाचता येत नाही, म्हणून हे मीच त्यांना वाचून दाखवणार आहे.

इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ११