गवंडी म्हणून शर्यतीतून बाहेर काढलं, त्याच गड्यानं ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं जिंकली!

लोहा : आपल्या तालुक्यात पाण्याचा विषय निघाला की लिंबोटी धरणात साठा किती झाला आणि बोअर किती फुटावर लागलं, एवढंच बोलणं होतं. पाण्यावर नावेच्या शर्यती होतात आणि त्यात ऑलिम्पिकचं पदक मिळतं, हे आपल्या ध्यानीमनी नसतं. कुस्ती आपल्याला कळते, माळेगावच्या यात्रेतली दंगल आपण लहानपणापासून बघतो. नावेची शर्यत, म्हणजे रोइंग, आपल्यासाठी परकी.

तरी आपल्या महाराष्ट्राचा एक गडी त्यात गेला. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. तिथले दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर राबलेले. सैन्यात भरती झाल्यावर त्यांच्या हातात वल्हं आलं. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या नावेत ते जगात तेरावे आले. २०१८ ला इंडोनेशियातल्या आशियाई खेळात चौघांच्या नावेत भारताला सुवर्णपदक मिळालं, त्या चौघांत दत्तू होते. विहीर खोदणाऱ्या माणसाला कुणी अडवलं नाही. भरतीत अंगातली ताकद बघितली आणि संधी दिली.

पण शंभर वर्षांपूर्वी याच खेळात हातानं काम करणाऱ्या माणसाला अडवायचा लेखी नियम होता. त्या नियमात सापडलेल्या एका गवंड्याची ही गोष्ट. त्यांचं नाव जॉन बी. केली.

गिरणीतला पोरगा

केली यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८८९ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातला. आईवडील आयर्लंडमधून पोट भरायला आलेले. आपल्याकडची माणसं मुंबई-पुण्याला जातात, तशी त्या काळात आयर्लंडची माणसं बोटीत बसून अमेरिकेला जायची. घरात दहा लेकरं, त्यात केली सगळ्यात धाकटे. शाळेच्या वयातच ते गालिच्याच्या गिरणीत कामाला लागले. पुढं गवंड्याच्या हाताखाली काम शिकले. वीट लावणं, ओळंबा धरणं, थापी चालवणं, हाच त्यांचा धंदा झाला.

त्यांच्या वस्तीजवळून स्कूलकिल नावाची नदी वाहते. तिथं नाव वल्हवणाऱ्यांचे क्लब होते. दिवसभर विटा लावायच्या आणि काम सुटलं की नदीवर जायचं, असा त्यांचा क्रम. व्हेस्पर बोट क्लबात ते दाखल झाले. पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा सैन्यात गेले, तिथं बॉक्सिंगही खेळले. युद्ध संपल्यावर परत आले ते पुन्हा नदीवरच. एकट्याच्या नावेत त्यांनी लागोपाठ १२६ शर्यती जिंकल्या असं सांगतात.

खेळ कसा असतो?

ही नाव आपल्या कोळ्याच्या होडीसारखी नसते. एकट्याची नाव साधारण आठ मीटर लांब आणि इतकी अरुंद की माणूस कसाबसा मावतो. आजच्या नावेचं वजन कमीत कमी १४ किलो असावं लागतं, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या गोणीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. दोन हातांत दोन वल्ही. बसायची पाटी खाली चाकांवर मागंपुढं सरकते. त्यामुळं जोर नुसत्या दंडाचा लागत नाही, निम्म्याहून जास्त काम मांड्या करतात. अंतर दोन किलोमीटर.

यात गंमत अशी की गडी पाठमोरा बसतो. पुढची रेषा त्याला दिसत नाही, मागं राहिलेला गडी मात्र दिसतो. पहिला असला तर सगळे डोळ्यापुढं, मागं पडला तर समोर नुसतं पाणी. सात-साडेसात मिनिटांचा खेळ, पण शेवटाला छाती फुटायची वेळ येते.

हेन्लीचा नियम

इंग्लंडमध्ये थेम्स नदीवर हेन्ली नावाचं गाव आहे. तिथं १८३९ पासून नावेच्या शर्यती भरतात. राजघराण्याचा आश्रय असलेली ही शर्यत. एकट्याच्या नावेची तिथली डायमंड स्कल्स ही स्पर्धा जिंकणं म्हणजे या खेळातली हिंदकेसरीची गदाच. केली यांची लई इच्छा होती तिथं उतरायची. १९२० ला त्यांनी नाव नोंदवलं, जायची तयारी केली. आणि ऐन वेळी कळलं की अर्ज नामंजूर.

कारणं दोन होती. पहिलं, व्हेस्पर क्लबावर तिथं आधीपासून बंदी होती. १९०५ ला या क्लबाची माणसं हेन्लीला गेली होती, तेव्हा त्यांच्या खर्चासाठी लोकांकडून पैसा गोळा केला म्हणून हौशी खेळाच्या नियमाचा भंग झाला, असं आयोजकांनी ठरवलं होतं. दुसरं कारण जिव्हारी लागणारं. हेन्लीच्या नियमात लिहिलेलं होतं की जो कारागीर आहे, मजूर आहे, हातानं काम करून पोट भरतो, तो हौशी खेळाडू धरला जाणार नाही. केली गवंडी. म्हणजे बाद.

असा नियम का केला असेल? त्यांचं म्हणणं असं की अंगमेहनतीचं काम करणाऱ्याचं शरीर कामानं आधीच कमावलेलं असतं, त्यामुळं खुर्चीवर बसणाऱ्या साहेबाशी त्याची बरोबरी होत नाही. ऐकायला हे कौतुकच वाटतं. पण खरी गोष्ट आपल्याला लगेच कळते. बड्या घरच्या पोरांना मजुराच्या पोराशेजारी नाव लावायची नव्हती, आणि त्याच्याकडून हरायचं तर नव्हतंच. दिवसभर विटा उचलून माणूस दमतो, त्याच्या अंगात उरलेल्या ताकदीवर तो खेळतो. हे नियम करणाऱ्यांनी कधी विटा उचलून बघितलं नसावं.

अँटवर्पचा कालवा

त्याच वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्प ऑलिम्पिक होतं. तिथं गवंड्याला बंदी नव्हती. केली अमेरिकेकडून उतरले. शर्यत ब्रुसेल्सजवळच्या एका कालव्यात होती, भोवती कारखाने, बघायला काही सुंदर नाही.

२९ ऑगस्ट १९२० ला अंतिम शर्यत झाली. समोर इंग्लंडचे जॅक बेरेसफर्ड. त्या वर्षी केली यांच्या गैरहजेरीत हेन्लीची डायमंड स्कल्स जिंकलेला गडी हाच. बेरेसफर्डही काही लेचापेचा नव्हता, त्यानं एकूण पाच ऑलिम्पिकमध्ये पदकं मिळवली. दोघांची झुंज शेवटपर्यंत चालली. केली यांना ७ मिनिटं ३५ सेकंद लागले, बेरेसफर्डला ७ मिनिटं ३६ सेकंद. एका सेकंदानं सुवर्णपदक गवंड्याचं झालं.

तेवढ्यावर भागलं नाही. तासाभराच्या आत केली पुन्हा नावेत बसले, या वेळी नात्यातले भाऊ पॉल कॉस्टेलो यांच्याबरोबर दोघांच्या नावेत, आणि तेही सुवर्ण जिंकलं. एका दिवसात दोन. जिंकल्यावर त्यांनी आपली घामानं भिजलेली हिरवी टोपी इंग्लंडच्या राजाला पाठवून दिली, अशी आख्यायिका आहे. १९२४ ला पॅरिसमध्ये दोघा भावांनी दोघांच्या नावेचं सुवर्ण पुन्हा मिळवलं. या खेळात तीन ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारे केली हे पहिले.

विटा सोडल्या नाहीत

पदकं मिळाली म्हणून केली यांनी धंदा लपवला नाही. भावांची मदत घेऊन त्यांनी स्वतःचा वीटकामाचा ठेका सुरू केला आणि शहरातल्या मोठमोठ्या इमारती बांधून करोडपती झाले. १९३५ ला फिलाडेल्फियाच्या महापौरपदाची निवडणूक लढवली, थोडक्यात पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांच्या शारीरिक तंदुरुस्तीचं काम त्यांच्यावर सोपवलं.

हेन्लीचा सल मात्र राहिला. मुलगा झाला, त्यालाही जॉनच नाव ठेवलं आणि लहानपणापासून नदीवर नेलं. बापाचं राहिलेलं पोरानं पुरं करायचं, हे त्या पोराच्या डोक्यावर ओझं होतंच. आपल्याकडंही असे बाप आहेत. मधल्या काळात, १९३७ ला, मजुरांना अडवणारा तो नियम हेन्लीनं काढून टाकला. १९४६ ला पोरगा अंतिम शर्यतीत हरला. १९४७ ला जिंकला, १९४९ ला पुन्हा जिंकला. ज्या शर्यतीत बापाला उभं केलं नाही, ती लेकानं दोनदा मारली. पुढं १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यानं कांस्यपदकही मिळवलं.

लेकाकडं एवढं लक्ष देताना लेकीकडं मात्र केली यांचं थोडं दुर्लक्षच झालं. ग्रेस नावाची ही मुलगी अंगानं नाजूक, खेळात मागं. घरात नाव काढील तर थोरली पेगी, असं बापाला वाटायचं. तीच ग्रेस सिनेमात गेली, ऑस्कर मिळवलं आणि १९५६ ला मोनॅकोच्या प्रिन्सशी लग्न करून प्रिन्सेस झाली. गवंड्याची लेक राजवाड्यात गेली, हे सगळ्या जगानं बघितलं.

२० जून १९६० ला जॉन केली वारले. फिलाडेल्फियात त्याच नदीच्या काठी नावेत बसलेला त्यांचा पुतळा आहे.

१९८१ ला हेन्लीच्या शर्यतीची बक्षिसं वाटायला आयोजकांनी मोठ्या मानानं एका पाहुणीला बोलावलं. त्या होत्या ग्रेस. बाप गवंडी म्हणून ज्या काठावर नको होता, त्याच काठावर लेकीच्या हातून विजेत्यांनी बक्षिसं घेतली. आज तिथं महिलांच्या एका स्पर्धेच्या चषकाला ग्रेस यांचंच नाव आहे.

वाचकहो, ही गोष्ट लिहायला कारण घडलं. मागं घराचं काम चालू होतं तेव्हा गवंड्याबरोबर त्याचा पोरगा यायचा. पहाटे रस्त्यावर पळायचा, भरतीची तयारी करायचा, दिवसा बापाला विटा द्यायचा. बोलता बोलता म्हणाला की फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायला लाज वाटते, म्हणून शेती लिहितो. मी त्याला मोबाइलवर केली यांचा नावेतला फोटो दाखवला आणि हा माणूस काय करायचा ते सांगितलं. पोरानं फोटो बराच वेळ बघितला, मग बापाकडं बघितलं. बाप वरच्या फळीवरून वीट मागत होता.