कॅमेरा घडविणारा चित्रकार

मिस्त्री हे घराण्याचे आडनाव मागे पडून धंदाच ज्याचे आडनाव झाला, अशा बाबूराव पेंटर यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. कलाशाळेची पायरी ते चढले नाहीत. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता त्यांचा व त्यांचे आतेबंधू आनंदराव यांचा हात तयार झाला. फाळके यांच्या चित्रपटाने दोघांनाही वेड लावले. परंतु कॅमेरा विकत घेण्याचे सामर्थ्य नव्हते. तेव्हा तो आपणच घडवावा, असे त्यांनी ठरविले. 1916 साली आनंदराव अकाली निवर्तले. अर्धवट राहिलेले ते काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने 1918 च्या सुमारास तडीस नेले.

याच मुलखात इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्येच पहिला यंत्रमाग चालू केला होता. परक्या यंत्राला दबून न जाण्याची ही वृत्ती करवीर परिसरात नवी नव्हती, एवढे येथे नमूद करावयास हरकत नाही.

गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 1920 साली ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. त्यातील कीचकवध इतका जिवंत उतरला की त्यावर आक्षेप आले. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पुढे ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये टिपली. पोषाख, नेपथ्य, जाहिरातीची भित्तिपत्रके, सर्वांवर या चित्रकाराची नजर असे.

तथापि त्यांची खरी झेप दिसली ती 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात ना देव होते, ना राजे. कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणारा एक कुणबी होता. ती भूमिका तरुण शांतारामांनी केली. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकाने त्याकडे पाठ फिरविली. दोष प्रेक्षकाचा म्हणावा, तर ज्याच्या घरी तोच पाश होता त्याने तो पैसे मोजून पुन्हा का पाहावा, हाही प्रश्न उरतोच. बाबूरावांनी मात्र पुढील काळात पुन्हा पुराणाकडेच बव्हंशी मोर्चा वळविला.

त्यांची कामाची रीत संथ आणि हट्टी होती. मनासारखे चित्र उमटेपर्यंत ते थांबत. हिशेब मात्र थांबत नसे. 1 जून 1929 रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर या त्यांच्याच हाताखालील मंडळींनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ स्थापन केली. बोलपट आला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी विझली. शिष्यांचा ‘संत तुकाराम’ 1937 मध्ये व्हेनिसला गौरविला गेला. गुरूने ‘सावकारी पाश’ 1936 साली बोलका करून पाहिला, ‘प्रतिभा’ काढला. पण पूर्वीची सत्ता परत आली नाही. ब्रश त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

16 जानेवारी 1954 रोजी ते वारले. त्यांच्या मूकपटांपैकी फारच थोडे अवशेष आज हाती आहेत. ज्या ‘सावकारी पाश’साठी अभ्यासक त्यांना मानतात, तो मूळ मूकपट आता कोणालाच पाहता येत नाही.