सुरतेच्या डॉक्टर रखमाबाई

गेल्या महिन्यात कतारगामहून माझ्या भाचीचा फोन आला. कतारगाम म्हणजे सुरत शहराचा उत्तरेकडचा भाग. पूर्वी हे तटाबाहेरचे खेडे होते, आज तेथे हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांची दाटी आहे. भाचीचे यजमान अशाच एका कारखान्यात कामाला आहेत. भाची सात महिन्यांची गरोदर आहे. पहिल्या खेपेचे मूल पोटातच गेले. ह्या खेपेस रक्तदाब चढलेला असून पायांवर सूज आहे. घराजवळच्या लहानशा प्रसूतिगृहातील डॉक्टरीणबाईंनी तिला प्रामाणिकपणे सांगितले की, दिवस भरण्याआधी मूल झाले तर त्याला सांभाळण्याची सोय आपल्याकडे नाही, तेव्हा आताच दुसरे इस्पितळ पाहून ठेवा. झाले, घरात तीन मते पडली. सासूबाईंना जवळचे बरे वाटते. आई, म्हणजे माझी बहीण, म्हणते की बाळंतपण माहेरी नवापूरलाच झाले पाहिजे. जावईबापूंना मोठ्या इस्पितळाच्या खर्चाची धास्ती आहे. शेवटी तिने मला विचारले की, मामा, मी जाऊ तरी कोठे?

मी उपदेशक आहे, वैद्य नव्हे. परंतु त्या रात्री मला एका बाईची फार आठवण झाली. ह्याच सुरत शहरात, हाच प्रश्न मनात घेऊन आलेल्या स्त्रियांना तिने बावीस वर्षे तोंड दिले होते. डॉ. रखमाबाई हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना कोर्टातील खटल्यामुळे ठाऊक आहे. रविवार शाळेच्या शिक्षकांनीही ती गोष्ट कधी ना कधी सांगितली असेल. खटल्यानंतरचे आयुष्य मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तेथेच आहे.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी सुतार समाजातील कुटुंबात झाला. आई जयंतीबाई. त्यांचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा झाल्या. आजच्या कोणत्याही दवाखान्यात पंधरा वर्षांची गरोदर मुलगी आली, तर तिच्या कागदावर लाल अक्षरात जोखीम असे लिहितील. रखमाबाईंचा स्वतःचा जन्मच असा जोखमीचा होता. त्या काळी मात्र त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. आनंदीबाई जोशी ह्यांनाही चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. अमेरिकेत जाऊन डॉक्टर होण्याची त्यांची जिद्द त्या दुःखातून उपजली, हे आपण जाणतोच.

काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार समाजात त्याला मोकळीक होती. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत ते होते. अशा घरातही रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लागलेच. नवरा दादाजी भिकाजी हा एकोणीस-वीस वर्षांचा होता. पण मुलगी वयात आल्यावर तिला लगेच नांदायला पाठविण्यास सखाराम अर्जुन ह्यांनी नकार दिला. कोवळ्या वयातील मातृत्वाने शरीराची काय दशा होते, हे डॉक्टर म्हणून त्यांना ठाऊक होते. मुलगी घरीच राहिली आणि फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके आणून वाचू लागली. एका मिशनच्या कपाटातील पुस्तके कोणाच्या हाती पडतील आणि त्यांतून पुढे काय निघेल, हे त्या कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्याला कधीच कळत नसते.

खटल्याची हकीकत थोडक्यात सांगतो. दादाजींनी पत्नीने नांदायला यावे म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम केला की, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात ह्या खटल्याविषयी कळकळीने लिहिले. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला आणि तुरुंगाची वेळ टळली. पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाची मर्यादा बारा झाली. बारा! पण तेवढ्यासाठीही केवढे रण माजले होते.

ह्या सर्व काळात मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची त्यांच्या पाठीशी होत्या. स्त्रियांसाठी, स्त्री डॉक्टरांनी चालविलेले हे इस्पितळ १८८६ मध्ये सुरू झाले होते. डॉ. पीची व इतर हितचिंतकांनी पैसे जमविले, इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले, आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. १८९४ मध्ये शिक्षण पुरे झाले. त्या परत आल्या, थोडे दिवस कामा हॉस्पिटलात राहिल्या आणि १८९५ मध्ये सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळाच्या मुख्य डॉक्टर झाल्या.

त्यावेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते. इस्पितळ होते, डॉक्टर होती, आणि बाळंतपणासाठी येणारी बाई मात्र नव्हती.

ह्याचे कारण समजून घेतले पाहिजे. त्या काळी घरातली अंधारी खोली, जुनी फडकी आणि गल्लीतली सुईण म्हणजे बाळंतपण. इस्पितळ म्हणजे माणसे मरायला नेतात ती जागा, अशी समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. कारण बाईला तेथे आणीत ते दोन-तीन दिवस अडल्यानंतर, ताप मेंदूत गेल्यावर किंवा झटके सुरू झाल्यावर. मग ती दगावली की इस्पितळाचे नाव आणखी खराब होई. शिवाय जातीचा विटाळ, परक्या हाताचे पाणी, गोषा हे होतेच. सुरतेत आजही असे सांगतात की, रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणविली आणि तिची सुटका करून दाखविली. शेळी जगली, करडू जगले, तेव्हा कोठे बायकांची भीती हळूहळू चेपली. ही गोष्ट मी प्रथम ऐकली तेव्हा मला हसू आले होते. आता येत नाही. आपल्या पदव्या भिंतीवर टांगून त्या बसून राहिल्या नाहीत. समोरच्या बाईला ज्या भाषेत खात्री पटेल ती भाषा त्यांनी शोधली.

त्यांच्या हाती साधने तरी किती होती? स्वच्छ धुतलेले हात, जंतुनाशक औषध, चिमटा आणि क्लोरोफॉर्म. बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्याची सुरुवात १८४७ मध्ये एडिंबरा येथे डॉ. सिम्प्सन ह्यांनी केली. हव्वेला वेदना नेमून दिलेल्या आहेत, त्या कमी करणे पाप होय, अशी हरकत तेव्हा काही धार्मिक मंडळींनी घेतली होती. सिम्प्सन ह्यांनी त्यांना पवित्र शास्त्रातूनच उत्तर दिले, की आदामाची फासळी काढण्यापूर्वी परमेश्वराने त्याला गाढ निद्रा आणली होती. मात्र रखमाबाई सुरतेत आल्या तेव्हा रक्ताचे गट कोणाला माहीत नव्हते. लँडस्टायनर ह्यांचा शोध १९०० सालचा. बाहेरून रक्त देऊन रक्तस्रावाने चाललेली बाई वाचविणे अशक्यच होते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्रही १८९६ मध्ये इटलीत निघाले. म्हणजे भाचीचा जो आकडा आज दवाखान्यात दोन मिनिटांत कळतो, तो तेव्हा सुरतेतल्या डॉक्टरला कळण्याचा मार्गच नव्हता. म्हणून त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठे औषध एकच होते, ते म्हणजे बाईने वेळेवर येणे. बायका यापुढे येऊ लागल्या त्या ह्या एका बाईवरच्या विश्वासाने. त्याच वर्षांत प्लेग आला, १८९९-१९०० चा दुष्काळ आला, आणि रखमाबाई सुरतेतच राहिल्या.

१९०४ मध्ये दादाजी वारले आणि रखमाबाई विधवेची पांढरी साडी नेसू लागल्या असे चरित्रकार सांगतात. ज्याच्याशी नांदण्यापेक्षा तुरुंग बरा म्हटला, त्याच्यासाठी पांढरे वस्त्र का? मला ह्याचा उलगडा झालेला नाही. कदाचित विधवेच्या वेशात त्या सुरतेच्या घराघरांत अधिक सहज जाऊ शकत असतील. माणसाचे मन सरळ रेषेत चालत नाही, एवढेच म्हणतो.

१९१७ च्या सुमारास सरकारी विमेन्स मेडिकल सर्व्हिसमधील जागा नाकारून त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तेथे राहिल्या. १९२९ मध्ये त्यांनी पडद्याच्या चालीविरुद्ध पुस्तिका लिहिली. पडद्यामागची बाई डॉक्टरपर्यंत उशिरा पोहोचते, हे त्यांनी तीस-पस्तीस वर्षे पाहिले होते. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हे सर्व मी भाचीला फोनवर सांगितले नाही. मला जे उमगले ते एवढेच सांगितले की, इस्पितळ निवडायचे ते सुखरूप बाळंतपणासाठी नव्हे, कारण ते कोठेही होईल. बिघडले तर काय, हे पाहून निवडायचे. रात्री दोन वाजता ऑपरेशन करायची वेळ आली तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ किती वेळात हजर होतात? रक्त इमारतीत मिळते की कोणाला स्कूटरवर पाठवावे लागते? बाळंतपणानंतर रक्त वाहू लागले तर हातात एक-दोन तासच असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा अतिदक्षता विभाग त्याच ठिकाणी आहे काय, की आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे? हे प्रश्न तोंडावर विचारावेत. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही, आणि जो रागावतो त्याचे उत्तर आपल्याला मिळालेच म्हणायचे. नवापूर-नंदुरबारकडच्या आपल्या लोकांत सिकलसेल पुष्कळ आढळतो, तोही तपास झाला आहे ना, हे पाहावे. खर्चाचे म्हणाल तर सुरतेत नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर ही मोठी सरकारी इस्पितळे आहेत. तेथे गर्दी असते, खाट शेजारी-शेजारी असते, पण गुंतागुंतीच्या बाळंतपणांचा रोजचा सराव तेथील डॉक्टरांना असतो.

माहेरचा प्रश्न सर्वांत नाजूक निघाला. माझी बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लेकीचे बाळंतपण करण्याचा आईचा मान मी काढून घेतो आहे, असे तिला वाटले. नवापूर ते सुरत हा आगगाडीचा काही तासांचा प्रवास. सुखाच्या दिवसांत तो काहीच नाही. पण राहेल एफ्राथच्या वाटेवर अडली तेव्हा तिच्याजवळ सुईण होती, धीर देणारे शब्द होते, तरी तेथेच तिला पुरावे लागले आणि बेन्यामीन आईवाचून वाढला. तिसऱ्या दिवशी बहिणीने स्वतःच फोन केला. लेक माहेरी येऊ शकत नाही तर माहेरच लेकीकडे जाईल, असे तिने ठरविले होते.

परवा ती सुरतेच्या गाडीत बसली. डिंकाचे लाडू बाळंतपण झाल्यावरच करायचे म्हणून साहित्य तेवढे बांधून घेतले आहे. मुलीचे नाव मोठ्या इस्पितळात नोंदले गेले आहे, रक्तदाब आठवड्यातून दोनदा मोजतात. मंडळीतील दोघा तरुणांनी रक्त देण्यासाठी आपली नावे दिली आहेत. १०८ ह्या रुग्णवाहिकेच्या नंबराचा कागद जावईबापूंनी दाराच्या आतल्या बाजूस चिकटवला आहे. दिवस पुढच्या महिन्याच्या अखेरीचे आहेत, परंतु डॉक्टर म्हणतात की तितके थांबता येईलच असे नाही.