न्यायमूर्ती रामशास्त्री

कृष्णा व वेण्णा या नद्यांच्या संगमावर, साताऱ्याजवळ, माहुली नावाचे गाव आहे. रामशास्त्री प्रभुणे हे या गावचे. लहानपणी त्यांचे विद्येकडे लक्ष नव्हते, असे सांगतात. पुढे कोणाचेसे बोलणे जिव्हारी लागले आणि ते काशीस गेले. तेथे अपार कष्ट घेऊन ते धर्मशास्त्रात पारंगत झाले. १७५१ मध्ये त्यांना पेशव्यांच्या दरबारी आश्रय मिळाला व १७५९ मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले.

दोनच वर्षांनी राज्यावर घोर संकट कोसळले. पानिपतावर मराठ्यांचा दारुण पराभव झाला. त्याच वर्षी नानासाहेब पेशवे निवर्तले आणि राज्याचा भार सोळा वर्षांच्या माधवरावांवर आला. अशा पडत्या काळात बलवान शिरजोर होतात आणि दुर्बळांना वाली उरत नाही. परंतु शास्त्रीबोवांच्या न्यायासनापुढे सरदार व शेतकरी सारखेच होते. घरात एका दिवसापुरतेच धान्य ठेवणारा हा पुरुष कोणत्याही लोभाला वश होणार नाही, अशी त्यांची ख्याती होती. म्हणून गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या गरिबालाही तेथे धीर वाटे.

या विश्वासाची खरी कसोटी पुढेच होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर बसले. सारे पुणे भयाने मूक झाले. खुद्द पेशव्याला जाब कोण विचारणार? रामशास्त्र्यांनी कसून चौकशी केली. रघुनाथरावच दोषी असल्याचे आढळताच, या पातकास देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, हे त्यांनी त्यांना तोंडावर सांगितले. निकाल अमलात आणण्याचे बळ शास्त्रीबोवांजवळ नव्हते. मात्र अन्यायापुढे मान तुकवून अधिकारपद भोगणेही त्यांना मान्य नव्हते. ते पद सोडून पुण्याबाहेर पडले.

रघुनाथरावांना ती शिक्षा कधीच झाली नाही. तरीही तो निकाल वाया गेला नाही. गादीवरचा माणूस गुन्हेगार आहे, हे न्यायासनानेच सांगितले होते. १७७४ मध्ये बारभाईंनी कारभार हाती घेतला. पुढे त्यांनी रामशास्त्र्यांना सन्मानाने परत बोलावले. १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

संकटकाळी लोक न्यायाधीशाच्या हाती किती फौज आहे हे पाहत नाहीत. तो कोणाला भितो, हे पाहतात. रामशास्त्री कोणालाच भ्याले नाहीत. म्हणून निःस्पृह न्यायाचे नाव निघताच महाराष्ट्राला आजही प्रथम त्यांचीच आठवण होते.