पोप ज्युलियस दुसरे : वस्त्रे आणि वस्त्रांतील माणूस

इटलीतील सॅव्होना शहराजवळील अल्बिसोला गावी १४४३ साली ज्युलियानो देल्ला रोव्हेरे यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. त्यांचे काका फ्रान्सिस्कन धर्मसंघीय होते. १४७१ साली ते सिक्स्टस चौथे या नावाने पोप झाले आणि त्याच वर्षी पुतण्यास कार्डिनलपद मिळाले. १५०३ साली ज्युलियानो स्वतः पोपपदी निवडले गेले व त्यांनी ज्युलियस हे नाव धारण केले.

१५०६ साली त्यांनी रोममधील संत पीटर यांच्या नव्या महामंदिराची कोनशिला बसविली. सिस्टीन चॅपलचे छत त्यांनीच मायकेलअँजेलोकडून रंगवून घेतले. परंतु ख्रिस्तसभेच्या प्रदेशांसाठी ते रणांगणावरही उतरले. १५११ च्या जानेवारीत, भर हिमवर्षावात, मिरांडोलाच्या वेढ्यात ते जातीने हजर होते. मेंढपाळाच्या हाती तलवार पाहून अनेक भाविक व्यथित झाले. त्याच वर्षी मे महिन्यात बोलोन्या शहर त्यांच्या हातून गेले. त्या काळात त्यांनी दाढी वाढविली होती. धर्मगुरूंनी दाढी ठेवू नये, असा तेव्हा नियम असतानाही!

याच सुमारास राफाएल या चित्रकाराने त्यांचे चित्र रंगविले. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. अंगात शुभ्र तागाचे वस्त्र, खांद्यांवर तांबड्या मखमलीचा आखूड झगा, डोक्यावर तशीच टोपी आणि बोटांत अंगठ्या. शुभ्र रंग निर्मळतेचा. तांबडा रंग हुतात्म्यांच्या रक्ताची आठवण देणारा. खुर्चीवरील सोनेरी ओकफळे त्यांच्या घराण्याची खूण सांगतात, कारण रोव्हेरे म्हणजे ओक वृक्ष. मात्र तिहेरी मुकुट नाही, चिलखत नाही. एका हाती रुमाल, दुसऱ्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला आणि नजर खाली झुकलेली.

१५१३ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर हे चित्र रोमच्या सांता मारिया देल पोपोलो मंदिरात मांडले गेले, तेव्हा लोक ते पाहावयास लोटले.

राफाएलने वस्त्रांचा मान राखला, पण त्यांच्या आड माणसाला लपविले नाही. पवित्र वस्त्रे आम्हां धर्मगुरूंना पदाबरोबर लाभतात. त्यांस साजेसे अंतःकरण मात्र प्रार्थनेने आणि पश्चात्तापाने रोज घडवावे लागते. त्या वृद्ध पोपमहोदयांच्या झुकलेल्या नजरेत आम्हांस हेच दिसते.